दोघींना चारपैकी एक: मूल्यमापन शिकवण्याच्या कामी कसं येतं

दोन वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवू. दोन्हींत त्याच चार वजाबाक्या आहेत. एका मुलीनं त्या अशा सोडवल्यात:

५२ − २७ = ३५
६१ − ३८ = ३७
७४ − २९ = ५५
८६ − ४३ = ४३

आणि तिच्या शेजारणीनं अशा:

५२ − २७ = ३५
६१ − ३८ = ३३
७४ − २९ = ५५
८६ − ४३ = ४३

दोघींची शेवटची वजाबाकी बरोबर, बाकी तिन्ही चूक. दोघींना चारपैकी एक गुण. गुणांच्या वहीत या दोघींमध्ये काडीचाही फरक दिसणार नाही. प्रगतिपत्रकात दोघींच्या नावापुढे बहुधा एकच वाक्य येईल: हातच्याची वजाबाकी कच्ची, सराव हवा.

आता जरा थांबून उत्तरांकडे बघा. पहिली मुलगी एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत हे बघते आणि सरळ ७ मधून २ वजा करते. वर कोण, खाली कोण याच्याशी तिला देणंघेणं नाही; मोठ्यातून लहान काढायचं एवढा एकच नियम तिच्या मनात पक्का बसलाय. शेवटची वजाबाकी या नियमानंही बरोबर येते, म्हणून तर तो नियम तिला खरा वाटतो. तिच्या लेखी ५२ म्हणजे ५ आणि २ असे दोन सुटे अंक आहेत. पाच दशक आणि दोन एकक, आणि गरज पडली तर दशक मोडता येतो, ही गोष्ट तिच्यापर्यंत अजून पोचलेलीच नाही.

दुसरीचं दुखणं वेगळं. ती हातचा घेते, २ चे १२ करते, १२ मधून ७ काढून ५ लिहिते. इथवर सगळं नीट. पण ज्या पाचातून एक दशक उसना घेतला, त्याचे चार करायला ती विसरते. कल्पना समजलीय, हिशेबाची एक पायरी गळतेय.

आता दोघींना एकाच शेऱ्याखाली आणखी वीस वजाबाक्या सोडवायला दिल्या तर काय होईल? दुसरी कदाचित सुधारेल. पहिली मात्र तोच चुकीचा नियम वीस वेळा घोटून आणखी पक्का करेल. आपण सराव दिला या समाधानात तिचा वर्गातला पुढचा महिना जाईल.

मूल्यमापनाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या दोन वह्यांत आहे. मूल किती चुकलं हे गुण सांगतात. ते कुठल्या वाटेनं चुकलं हे उत्तरं सांगतात. आणि ही वाट कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी शिक्षकानं किंवा मुलानं काहीतरी वेगळं केलं, तरच मूल्यमापनानं शिकण्याला हातभार लावला असं म्हणता येईल.

चुका अशा पद्धतशीर असतात हे निव्वळ अनुभवाचं म्हणणं नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या गणितातल्या चुकांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांनी 'बग्गी' नावाची संगणक प्रणाली बनवली. ती एखाद्या मुलाच्या चुकीच्या नियमाचं सोंग घ्यायची, म्हणजे ते मूल जशी चूक करेल तशीच हुबेहूब करायची, आणि तो नियम ओळखायचं काम शिक्षकांपुढे टाकायची. चुकीचं उत्तर देणारं मूल बहुतेक वेळा बेफिकीर नसतं. ते एखादा नियम इमानेइतबारे पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. मला हे वाचल्यावर लाल पेन हातात घेतानाची नजरच बदलली.

वरच्या वह्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ५२ − २७ आणि ७४ − २९ ही दोन्ही गणितं दोघींनी वेगवेगळ्या कारणांनी चुकवली, पण उत्तर एकच आलं. फरक दाखवला तो एकट्या ६१ − ३८ नं. असं का? ५२ − २७ आणि ७४ − २९ या दोन्हींत एकक अंकांतला फरक ५ आहे. ७ मधून २ काढले तरी ५ आणि १२ मधून ७ काढले तरी ५. ६१ − ३८ मध्ये मात्र एकीला ८ मधून १ काढून ७ मिळाले, दुसरीला ११ मधून ८ काढून ३. शिक्षकानं नकळत ४३ − १८, ९१ − ४६, ६० − २५ अशी गणितं निवडली असती तर कितीही वह्या तपासून या दोन मुली वेगळ्या कळल्याच नसत्या. प्रश्न काय दाखवू शकतो हे तो विचारण्यापूर्वीच ठरलेलं असतं. म्हणून उत्तरपत्रिका तपासण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा तरी प्रश्न निवडण्याकडे वळवावा असं मला मनापासून वाटतं.

आकारिक आणि संकलित

हे दोन शब्द शिक्षकांच्या तोंडी रोज असतात, पालकांच्या कानावरही पडतात. ही विभागणी मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडली, तीही अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. बेंजामिन ब्लूम यांनी ती मुलांच्या शिकण्याकडे वळवली. संकलित मूल्यमापन म्हणजे एक टप्पा संपल्यावरचा हिशेब: सत्र संपलं, मूल कुठे पोचलं? आकारिक म्हणजे शिकणं चालू असताना घेतलेला कानोसा. त्यावरून पुढच्या तासाचं शिकवणं ठरतं.

यात एक गैरसमज इतका पसरलाय की तो आधी दूर करायला हवा. छोटी चाचणी म्हणजे आकारिक आणि मोठी परीक्षा म्हणजे संकलित, असं अनेकांना वाटतं. वर्षभरात दहा छोट्या चाचण्या घेतल्या, प्रत्येकीचे गुण तक्त्यात चढवले आणि शेवटी बेरीज केली, तर ती दहा हप्त्यांत घेतलेली एक मोठी परीक्षाच झाली. मुलांच्या डोक्यावरचं ओझं मात्र दहापट. उलट, सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकानं प्रश्नवार मोजणी केली, चाळीसपैकी एकतीस मुलं सहावा प्रश्न चुकली आहेत हे पाहिलं, आणि तो भाग वेगळ्या पद्धतीनं पुन्हा शिकवला, तर तीच मोठी परीक्षा आकारिक झाली. चाचणीच्या आकाराचा यात संबंध नाही; तिच्यातून मिळालेल्या माहितीचं पुढे काय केलं, याचा आहे.

एकतीस मुलं जो प्रश्न चुकतात तो मुलांविषयी थोडं आणि शिकवण्याविषयी पुष्कळ सांगतो. क्वचित तो प्रश्नाविषयीही सांगतो: भाषा दुहेरी अर्थाची होती, किंवा आकृती नीट छापली गेली नव्हती. वर्गाची सरासरी ५८ आहे असा आकडा बैठकीत मांडून या तिन्हींपैकी काहीच कळत नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरच्या सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेतला. शिकणं चालू असताना मिळालेली माहिती शिकवणं बदलायला वापरली तर मुलांची प्रगती लक्षणीय वाढते, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा फायदा विशेष होतो, असं त्यांना दिसलं. जगभरच्या शाळांत या विषयाची चर्चा जोरात सुरू झाली ती त्यानंतर. पण चर्चेतला 'शिकवणं बदलायला' हा भाग वाटेत अनेक ठिकाणी गळून पडला आणि चाचण्यांची संख्या तेवढी वाढली.

तास चालू असताना

"समजलं का?" असं विचारल्यावर वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. या "हो"मधून काहीही कळत नाही. हात वर करणाऱ्या चार-पाच मुलांना विचारूनही फारसं कळत नाही, कारण ज्याला येत नाही तो हात वर करतच नाही.

यावर साधे उपाय आहेत. सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. शिक्षकाची नजर एकदा फिरली की कोण कुठे आहे ते कळतं. यात हुशार मुलाचं उत्तर ऐकून आपलं बदलायला वाव नसतो, आणि बुजरं मूलही सुटत नाही. पाटी नसेल तर पर्यायांचा प्रश्न द्यावा आणि बोटांनी उत्तर दाखवायला सांगावं.

मात्र चुकीचे पर्याय भरीला भर म्हणून टाकलेले नसावेत. उदाहरणार्थ, लाकडी फळी आणि लोखंडी पट्टी रात्रभर एकाच खोलीत ठेवली होती. सकाळी हात लावल्यावर पट्टी जास्त गार लागली. कोणाचं तापमान कमी असेल? पर्याय: लोखंडाचं कमी, लाकडाचं कमी, दोन्हींचं सारखं. 'लोखंडाचं कमी' म्हणणारं मूल हाताला लागणारा गारवा आणि तापमान एकच समजतंय. दोन्हींचं तापमान खोलीइतकंच आहे, लोखंड हाताची उष्णता झपाट्यानं ओढून घेतं म्हणून ते गार लागतं, हा धड्याचा गाभा आहे. अर्धा वर्ग पहिल्या पर्यायाकडे गेला तर पुढचा भाग उलगडण्यात अर्थ नाही. दोन तापमापक आणून मोजून दाखवायला हवं. असा प्रश्न तासाच्या मध्यावर विचारावा, घंटा व्हायला दोन मिनिटं असताना नव्हे. उत्तर कळूनही काही करायला वेळ उरणार नसेल तर विचारून उपयोग काय?

बरोबर उत्तरंही फसवतात, हे लक्षात ठेवायला हवं. ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? पुष्कळ मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. ही चूक सगळ्या शिक्षकांच्या ओळखीची. पण काही मुलं "०.६" असं अचूक उत्तर देतात आणि त्यांचं कारण असतं, "दशांश चिन्हापुढे जितके कमी अंक तितकी संख्या मोठी." त्यांना ०.४ आणि ०.७३ विचारा, ती ०.४ मोठी म्हणतील. पहिल्या प्रश्नावर या मुलांना पूर्ण गुण मिळालेले असतात. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी "कसं काढलंस?" हे विचारण्याची सवय हवी. आणि ती सगळ्यांसाठी हवी. फक्त चुकल्यावरच असं विचारलं, तर मुलं हा प्रश्न ऐकताच उत्तर खोडायला घेतात.

विचारल्यावर थांबणंही तितकंच गरजेचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गापुढे उभं राहून शांततेत मोजून बघा, म्हणजे ते किती मोठे असतात ते कळेल.

लाल शेरा काय करतो

तपासलेली वही मुलाच्या हातात पडते तेव्हा ते आधी काय बघतं? गुण. मग शेजाऱ्याचे गुण. शेरा कितीही मेहनतीनं लिहिलेला असो, अनेकदा त्याच्यावर नजरही जात नाही.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांबरोबर केलेला १९८८ चा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मुलांच्या एका गटाला कामावर फक्त गुण मिळाले, दुसऱ्याला फक्त शेरे, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात, आणि त्याच गटातल्या मुलांचा कामातला रसही टिकून राहिला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची गत केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुणांच्या शेजारी बसवलेला शेरा वाया गेला. आणि कमी गुण मिळालेल्या मुलांचा पुढच्या कामातला रसच ओसरला.

म्हणजे गुण देणं बंदच करायचं का? प्रत्येक शाळेला ते शक्य नाही. पण प्रत्येक कामाला गुण द्यायलाच हवेत असंही नाही. पहिल्या खर्ड्यावर फक्त शेरा, दुरुस्त करून आलेल्या कामावर गुण, एवढा बदल कुठलाही शिक्षक उद्यापासून करू शकतो.

शेरा आहे म्हणजे तो चांगलाच असतो, हेही खरं नाही. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी अभिप्रायाच्या परिणामांवरचे ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त प्रकरणांत अभिप्राय मिळाल्यानंतर कामगिरी चक्क घसरली होती. लक्ष कामावरून माणसाकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. "तू हुशार आहेस" आणि "तुझं लक्षच नसतं" ही दोन्ही वाक्यं उलट टोकांची वाटतात, पण दोन्ही मुलाविषयी आहेत. समोरच्या कामात पुढे काय करायचं हे दोन्हींतून कळत नाही.

मग कामाचा शेरा कसा असतो? झाडं अन्न कसं तयार करतात या प्रश्नाला एका मुलानं उत्तर लिहिलंय: "झाड मुळांनी मातीतून अन्न घेते. ते खोडातून पानात जाते. सूर्यप्रकाशाने झाड वाढते." याखाली "अपूर्ण, धडा पुन्हा वाच" असं लिहिता येईल. मुलगा धडा पुन्हा वाचेल आणि त्याला त्यात तेच दिसेल, कारण माती म्हणजे झाडाचं अन्न हे त्याच्या मनात आधीच बसलंय. त्याऐवजी असं लिहिलं तर: "मुळांतून वर काय जातं, ते तू बरोबर दिशेनं दाखवलंस. आता सांग, नुसत्या पाण्यात वाढवलेलं रोप माती नसताना पानं कशी काढतं? हवेतून पानात काय शिरतं ते शोध आणि तुझं पहिलं वाक्य बदलून लिही." हा शेरा लिहायला मिनिटभर जास्त लागतो, पण तो मुलाला काम देतो.

शेऱ्याची माझी कसोटी एवढीच आहे: तो वाचल्यावर मूल पेन उचलतं का? वहीत तो वाचायला आणि दुरुस्ती करायला वर्गातच दहा मिनिटं दिली नाहीत, तर उत्तमातला उत्तम शेराही पान उलटताच संपतो. शिक्षकानं तीन तास बसून लिहायचं आणि मुलानं तीन सेकंदांत पान उलटायचं, ही विभागणी कुठल्याही अर्थानं न्याय्य नाही. कधी तर शेरा लिहूच नये. "या दहापैकी तीन गणितं चुकली आहेत, कोणती ते तूच शोध" असं सांगितलं की मूल दहाही पुन्हा तपासतं.

इथे हमखास येणारा आक्षेप रास्त आहे: वर्गात साठ मुलं, रोजच्या साठ वह्या, हे कधी करायचं? प्रत्येक वहीत रोज लिहिणं शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. वह्यांवर नजर फिरवून चुकीच्या प्रकारानुसार त्यांचे ढीग करावेत. साठ मुलं साठ प्रकारे चुकत नाहीत. बहुतेक वेळा तीन-चार ढिगांत सगळं बसतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ढिगाला मिळून एक काम द्यायचं. लिहिण्याचं काम वाचतं, आणि मुलांनाही "हे फक्त मलाच येत नाही" असं वाटत नाही.

आठवून लिहिणं हेही शिकणंच

चाचणीचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याला तपासणीचीही गरज पडत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचं म्हणजे आपल्याला आलंच, असा भास होतो. मिटलेल्या पुस्तकासमोर आठवायला जड जातं, पण त्या जड जाण्यातूनच ते टिकतं. तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. उत्तरं वहीत, तपासायची मुलांनी स्वतः, गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. ही शेवटची अट सोडू नये. गुण नोंदवायला लागलो की मुलं न आठवणारं लपवायला लागतात, आणि आपल्याला नेमकं तेच दिसायला हवं असतं.

मुलाची स्वतःची नजर

ऑस्ट्रेलियन अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये एक साधी गोष्ट ठासून मांडली: चांगलं काम कसं असतं हे शिक्षकाला माहीत असून भागत नाही, ते मुलालाही दिसायला हवं. आपलं काम त्याच्या तुलनेत कुठे आहे आणि मधलं अंतर कसं कापायचं, हे कळल्याशिवाय त्याला सुधारता येत नाही. आपण मात्र अनेकदा ही गोष्ट गुपितासारखी जपतो. निबंध लिहायला सांगतो, आणि चांगला निबंध म्हणजे काय हे गुण हाती पडल्यावर मुलानं ओळखायचं.

निकषांचा तक्ता भिंतीवर लावून हे साधत नाही. 'विषयाची सुसंगत मांडणी' हे शब्द ज्याला सुसंगत मांडणी येते त्यालाच कळतात. त्यापेक्षा नाव झाकलेली दोन उत्तरं वर्गापुढे ठेवावीत आणि विचारावं, यातलं जास्त पटणारं कोणतं आणि का? अर्ध्या तासात मुलं स्वतःच निकष काढतात: "यानं उदाहरण दिलंय," "याचं दुसरं वाक्य पहिल्याच्या विरुद्ध जातंय." मग आपापली वही उघडून तेच निकष स्वतःच्या लेखनाला लावायला सांगावं. एकमेकांच्या वह्या तपासण्याआधी असा सराव झालेला असावा, नाहीतर तपासणी "अक्षर छान आहे"पाशीच थांबते.

आकडा कुठवर खरा मानायचा

गुणांबद्दलचा आपला विश्वास गरजेपेक्षा मोठा आहे. १९१२–१३ मध्ये स्टार्च आणि इलियट या दोघांनी आधी भाषेची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतली. भाषेच्या पेपरात तफावत येणारच, असं लोक म्हणाले. म्हणून त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, तर तिथे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांतलं अंतर शंभरपैकी साठाहून अधिक निघालं. तेव्हापासून गुणदानाच्या पद्धती खूप सुधारल्या, पण मूळ गोष्ट उरतेच. प्रश्न दुसरे असते, दिवस दुसरा असता, तपासणारा दुसरा असता, तर गुण थोडे इकडे तिकडे झालेच असते. त्यामुळे ७१ आणि ७३ मधल्या फरकावरून दोन मुलांविषयी काहीही ठरवू नये.

सरासरीही लपवते. एका मुलाचे चार चाचण्यांतले गुण ३०, ४५, ६०, ८५. दुसऱ्याचे चारही वेळा ५५. दोघांची सरासरी ५५. पहिलं मूल कुठून कुठे आलं हे त्या आकड्यात पुसलं जातं, आणि वर्षाच्या सुरुवातीला न येणाऱ्या गोष्टीची शिक्षा त्याला ती आल्यानंतरही भोगावी लागते. आत्ता मूल कुठे आहे हे सांगायचं असेल तर ताज्या कामाला वजन द्यावं. प्रगती सांगायची असेल तर सुरुवातीचं आणि आत्ताचं काम शेजारी शेजारी ठेवावं. जूनमधला परिच्छेद आणि फेब्रुवारीतला परिच्छेद आईवडिलांना एकत्र दाखवला की कुठल्याही श्रेणीपेक्षा जास्त कळतं.

आणि जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जातंय ना, हेही बघावं. पाच ओळींचं शाब्दिक उदाहरण चुकलेल्या मुलाला ते वाचून दाखवा. पटकन सुटलं तर त्याचं अडत होतं ते वाचनात, आणि आपण त्याला गणिताचे वर्ग लावत होतो.

आकड्यांवर मोठे निर्णय लटकवले की आकडेच बिघडतात, असं मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय. शाळेची पत आणि शिक्षकाची बढती फक्त निकालावर ठरू लागली की चाचणीत येणारं तेवढंच शिकवलं जातं, काठावरच्या मुलांकडे लक्ष जातं, आणि फार मागे असलेली मुलं सुटून जातात. मुलाला खरी माहिती मिळावी असं वाटत असेल तर छोट्या चाचण्यांना या दबावापासून दूर ठेवायलाच हवं.

पालकांचा वाटा मोठा आहे. "किती मिळाले?" आणि "पहिला कोण आला?" यांऐवजी वही मागावी आणि "यातलं एक चुकलेलं मला समजावून सांग" असं म्हणावं. आवाजात राग नसेल तर मूल सांगतं. शिक्षकांना भेटल्यावरही "तो कसा आहे?" यापेक्षा "पुढच्या महिन्यात त्याला नेमकं काय यायला हवं आणि घरी मी काय करू?" हा प्रश्न जास्त कामाचा.

आता त्या दोन वह्यांकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या मुलीपुढे काड्या ठेवतात: दहाचे सहा गठ्ठे आणि एक सुटी काडी. "यातल्या अडतीस मला दे." ती तीन गठ्ठे उचलून देते. मग एकच सुटी काडी हातात घेऊन बराच वेळ बघत बसते. बाई काही बोलत नाहीत. शेवटी ती विचारते, "बाई, गठ्ठा सोडला तर चालेल?"

शेजारणीपुढे काड्या नाहीत. तिला तिचंच ६१ − ३८ = ३३ दिलंय आणि सांगितलंय, "३३ मध्ये ३८ मिळवून बघ." बेरीज ७१ येते. ती वर बघते, पुन्हा वहीत बघते, ६ वर काट मारते आणि त्याच्या डोक्यावर बारीक ५ लिहिते. मग कुणी न सांगता वरच्या ५२ कडे वळते.

शुक्रवारी दोघींना पुन्हा चार वजाबाक्या मिळतील. त्यांतल्या निदान तीन वजाबाक्यांत एककांमधला फरक ५ नसेल.